गोत आणि हजेरी : ‘गोतावळा’तील शेतगडी व शेतमजुरांच्या संघटनहक्काचा प्रश्न

प्रस्तावना

पुणे-सातारा रस्त्यावरील कात्रज हे एकेकाळचे शेतीचे गाव आज पुणे महानगराचे दाट वस्तीचे उपनगर झाले आहे. गावाचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र दुधाच्या पिशवीवरून. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा प्रकल्प कात्रजला आहे आणि संघाचे दूध याच नावाने विकले जाते. जिल्ह्यातील गावोगावच्या गोठ्यांतून निघालेले दूध प्राथमिक संस्थांमार्फत अशा प्रकल्पात येते आणि प्रक्रियेनंतर शहरात जाते. या प्रवासात दोन प्रकारचे श्रम खर्ची पडतात. प्रक्रिया-प्रकल्पातील श्रम १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या परंपरेत येतात. तेथे हजेरीपत्रक असते, पाळी असते, साप्ताहिक सुटी असते, संघटना असू शकते. गोठ्यात शेण काढणारा, वैरण कापणारा, पहाटे धार काढणारा मजुरीचा गडी मात्र शेतमजूर ठरतो. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने ‘शेतीतील रोजगार’ या संज्ञेत दुग्धव्यवसाय आणि पशुपालन यांचा स्पष्ट उल्लेख केला होता. त्यामुळे त्याला किमान वेतनाचा हक्क मिळाला. परंतु त्या हक्कासाठी ज्याच्याशी वाटाघाट करावयाची तो समोरचा पक्ष त्याला कायद्याने कधी नेमून दिला नाही.

कात्रजला लागूनच असलेल्या धनकवडीत डॉ. आनंद यादव (१९३५-२०१६) यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. कागलच्या कष्टकरी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या आणि पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेल्या यादवांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतगडी हाच निवेदक असलेली ही कादंबरी मराठी ग्रामीण साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहे. शेतमजुरांच्या हक्कांची चर्चा आजवर प्रामुख्याने अर्थशास्त्र व विधी या शाखांत झाली आणि ‘गोतावळा’ची चर्चा साहित्यशाखेत झाली. प्रस्तुत लेखात या दोन चर्चा एकत्र आणून ‘गोतावळा’चे पुनर्वाचन केले आहे. शेतमजूर कामगार कायद्यांच्या बाहेर राहिला तो केवळ व्याख्येच्या त्रुटीमुळे नव्हे. मालक-मजूर संबंधाला नात्याची भाषा लाभली आणि त्या भाषेपलीकडचा दुसरा पक्ष कायद्याने उभा केला नाही, हे त्याचे खरे कारण आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

‘गोतावळा’चे रूढ वाचन

कादंबरीचा नायक नारबा हा मळ्यावर राबणारा एकटा गडी आहे. त्याला स्वतःचा संसार नाही. मळ्यावरची जनावरे, पाखरे, झाडे हाच त्याचा गोतावळा. मालक शेतीत यंत्र आणतो, ट्रॅक्टर येतो, बैल निरुपयोगी ठरतात आणि एकेक जनावर मळ्यावरून नाहीसे होते. अखेर ज्या जगाला नारबा आपले म्हणत होता त्यातले त्याचे असे काही उरत नाही. ही सारी कहाणी नारबाच्याच बोलीत सांगितलेली आहे आणि तिची ताकद त्या बोलीत आहे.

मराठी समीक्षेने या कादंबरीचे स्वागत केले ते प्रामुख्याने दोन अंगांनी. एक, बोलीभाषेचा सर्जनशील वापर. आणि दुसरे, माणूस, प्राणी व निसर्ग यांच्या एकात्म जगावर यंत्राने केलेल्या आघाताचे चित्रण. ही दोन्ही निरीक्षणे यथार्थ आहेत. मात्र या वाचनात नारबा हा निसर्गाचे लेकरू म्हणून दिसतो, मजूर म्हणून दिसत नाही. यंत्रामुळे बैल गेले याचे दुःख समीक्षेला जाणवले. यंत्रामुळे एका कामगाराचे काम गेले ही गोष्ट त्या दुःखात विरून गेली. शहरातील गिरणीत नवे यंत्र येऊन कामगार कमी झाले तर त्याला आपण छाटणी म्हणतो. मळ्यात तेच घडले तर त्याला आपण शोकांतिका म्हणतो. शब्दांतील हा फरक वाङ्मयीन तर आहेच, परंतु तो कायदेशीरही आहे.

‘गोतावळा’ हे शीर्षकच या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. गोत म्हणजे नाते, कूळ. नारबा ज्या संबंधांना नाते समजतो त्यांतील किमान एक संबंध वस्तुतः कराराचा आहे, तो म्हणजे मालकाशी असलेला. गडी, सालगडी, सालदार अशा निरनिराळ्या नावांनी महाराष्ट्रभर रूढ असलेल्या या व्यवस्थेत वर्षभराचा मोबदला रोख, धान्य, कपडालत्ता अशा स्वरूपात ठरतो. करार तोंडी असतो. कामाचे तास ठरलेले नसतात, कारण जनावरांना आणि पाण्याच्या पाळीला घड्याळ नसते. ‘घरच्यासारखा’ हे या व्यवस्थेतील सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र असते. घरच्या माणसाला रजा मागावी लागत नाही, तशी ती मिळण्याचा हक्कही नसतो. आणि घरच्यासारखा असलेला माणूस घरातून गेला तर त्याची भरपाई कोणी देत नाही. यादवांनी या भाषेचा गोडवा जसाच्या तसा ठेवला आणि कथानकातून तिचा फोलपणा दाखविला. जनावरांचे गोत खरे ठरते, मालकाचे ठरत नाही. हा भेद कादंबरीत आहे; तो समीक्षेने पुरेसा वाचलेला नाही.

ट्रॅक्टर आणि नोटीस

नारबाच्या जागी कारखान्यातील कामगार असता तर १९७१ मध्ये कायद्याने त्याला काय दिले असते, हा प्रश्न कल्पनेचा असला तरी उपयुक्त आहे. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ नुसार सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस देणे आवश्यक होते. ज्या बाबींसाठी ही नोटीस लागते त्यांची यादी चौथ्या अनुसूचीत होती आणि तीत, कामगारांची छाटणी होण्याचा संभव असलेली तंत्रसुधारणा ही स्पष्ट नोंद होती. म्हणजे यंत्र आणण्यास कायद्याची मनाई नव्हती. पण यंत्र येण्यापूर्वी कामगाराला सांगणे बंधनकारक होते. कलम २५-फ नुसार एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करताना एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही या तरतुदी कायम आहेत.

नारबाच्या मळ्यावर ट्रॅक्टर येतो तेव्हा यातील काहीही घडत नाही आणि घडावे अशी अपेक्षा कोणाच्या मनातही येत नाही. मालक दुष्ट आहे म्हणून हे घडते असे नाही. तो काळाप्रमाणे शेती बदलणारा माणूस आहे. व्यवस्थेचा अन्याय व्यक्तीच्या दुष्टपणावर अवलंबून नसतो, ही जाण ‘गोतावळा’ला भाबडेपणापासून वाचविते. परंतु त्यामुळेच ‘मालकाने गड्याला चांगले वागवावे’ हा नैतिक उपदेश अपुरा ठरतो.

‘उद्योग’ या शब्दाची सीमा

शेतमजुरांना संघटनेचा हक्कच नव्हता असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. शेतीतील कामगारांना औद्योगिक कामगारांइतकेच संघटनस्वातंत्र्य असावे, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९२१ चा क्रमांक ११ चा करार भारताने १९२३ मध्येच स्वीकारला. ग्रामीण कामगारांच्या संघटनांविषयीचा १९७५ चा क्रमांक १४१ चा करारही १९७७ मध्ये मान्य केला. १९२६ चा कामगार संघटना अधिनियम शेतमजुरांना वगळत नव्हता आणि राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटनेचे स्वातंत्र्य सर्वच नागरिकांना दिले आहे.

मुंबई प्रांताचा १९४६ चा औद्योगिक संबंध अधिनियम तर याही पुढे गेला होता. त्याने ‘उद्योग’ या संज्ञेच्या व्याख्येतच शेती व शेतीची कामे समाविष्ट केली. मात्र हा कायदा शासनाने अधिसूचित केलेल्या उद्योगांनाच लागू होत असे आणि शेतीच्या वाट्याला तो आला प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या स्वतःच्या ऊसमळ्यांपुरता. कारखान्याच्या मालकीच्या मळ्यातील मजूर कामगार ठरला. बांधापलीकडे शेतकऱ्याच्या उसात तेच काम करणारा मजूर ठरला नाही. १९६३ च्या हरिनगर केन फार्म खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साखर कंपनीसाठी चालविलेली ऊसशेती ‘उद्योग’ मानली, परंतु सर्वच शेती उद्योग होय काय हा प्रश्न खुला ठेवला. १९८२ च्या केंद्रीय दुरुस्तीने शेतीची कामे सर्वसाधारणपणे व्याख्येतून वगळली. ती व्याख्या मात्र कधीच अमलात आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने घरगुती सेवा वगळली आहे, शेतीचे नाव त्या वगळलेल्या यादीत नाही.

याचा अर्थ दार उघडे आहे. पण दाराच्या आतील रचना कारखान्याच्या मापाने बांधलेली आहे. संहितेनुसार संघटनेच्या नोंदणीसाठी आस्थापनेतील वा उद्योगातील १० टक्के अथवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके, सभासद असावे लागतात. एकापेक्षा अधिक संघटना असतील तेथे वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळविण्यासाठी आस्थापनेच्या हजेरीपत्रकावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता सर्वसाधारणपणे १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते. नारबाच्या मळ्यावर कामगार एक आणि हजेरीपत्रक शून्य. एका माणसाचे ५१ टक्के कोणत्या पत्रकावर मोजावयाचे?

महाराष्ट्रातील शेतमजूर हजेरीपत्रकावर मोठ्या प्रमाणात प्रथम आला तो शेतात नव्हे, तर रोजगार हमीच्या कामावर. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे बळ मिळाले. योजनेमागे ज्यांची प्रेरणा होती त्या वि. स. पागे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९७३ मध्ये शेतमजुरांच्या वेतनाचा अभ्यास केला होता. रोजगार हमीने मजुराला ‘नाही’ म्हणण्याची थोडी शक्ती दिली. गावात मजुरी परवडत नसेल तर जाण्यास दुसरी जागा होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही केली आहे. शेतमजुराची मागणी सर्वाधिक असते त्याच काळात त्याचा पर्याय बंद ठेवणे, हे त्याच्या वाटाघाटीच्या शक्तीचा विचार न केल्याचे लक्षण आहे.

आवाज आणि संघटना

‘गोतावळा’च्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या १९४५ पासूनच्या लढ्याची ही हकिगत आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकार-जमीनदाराकडे पिढीजात राबणारा ‘लग्नगडी’ या पुस्तकात भेटतो. किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी संपुष्टात आणणे, गवतकापणीच्या दरासाठी संप करणे आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथील गोळीबाराला सामोरे जाणे, असा हा प्रवास आहे.

दोन्ही पुस्तकांत ‘गडी’ आहे, परंतु त्यांची रचना परस्परविरुद्ध आहे. ‘गोतावळा’त गड्याला स्वतःचा आवाज आहे, संघटना नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये संघटना आहे, पण कथन कार्यकर्तीचे आहे. वारल्यांचे बोलणे तिच्या प्रमाण मराठीच्या चौकटीतून वाचकापर्यंत येते. नारबा स्वतःविषयी इतके बोलतो, पण ‘आम्ही’ हे सर्वनाम त्याला जनावरांसह वापरता येते, इतर गड्यांसह नाही. परुळेकरांच्या पुस्तकाचा खरा विषय हे ‘आम्ही’ कसे घडते हाच आहे. ‘गोतावळा’ची व्यथा अधिक खोल आहे असे सामान्यतः मानले जाते. परंतु ती खोली काही अंशी एकटेपणातून आलेली आहे आणि हे एकटेपण निसर्गदत्त नाही. ते विखुरलेल्या मळ्यांच्या आणि तोंडी करारांच्या व्यवस्थेने निर्माण केलेले आहे.

ही तुलना केवळ पुस्तकी नाही, याचे प्रत्यंतर त्याच काळात शहाद्याला आले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकाराने, आदिवासी सालदारांच्या मोबदल्याचा प्रश्न हाती घेतला. ‘सालदार संघटित होऊ शकत नाही’ हे गृहीतक तेथे खोटे ठरले. पुढे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने उचलीच्या बदल्यात श्रम बांधून घेणे बेकायदेशीर ठरविले आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड प्रकल्पातील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करवून घेणे ही सक्तीची मजुरी होय असा निर्णय दिला.

येथे ‘गोतावळा’ची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. शेतमजूर म्हटले की वर्षाचा पुरुष गडी डोळ्यांसमोर येतो. खुरपणी, लावणी, वेचणी करणाऱ्या रोजंदारीच्या स्त्रिया या प्रतिमेत मावत नाहीत. त्यांना वर्षाचा करारही नसतो आणि ‘घरच्यासारखे’पणाचा आधारही नसतो. मात्र त्या टोळीने कामाला जातात, दर एकत्र ठरवितात. संघटनेचे बीज सालगड्यापेक्षा या टोळीत अधिक आहे.

दुसरा पक्ष कोण?

कात्रजहून शहराकडे येताना काही किलोमीटरवर गुलटेकडीचा मार्केट यार्ड लागतो. येथे पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाची स्थिती नारबापेक्षा मुळात वेगळी नव्हती. मालक अनेक, काम तुटक, करार तोंडी. १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम साकारला. या कायद्याने हमालाचा मालक कोण हा वाद बाजूला ठेवला आणि मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ उभे केले. व्यापारी मंडळाकडे नोंदतो, हमालही नोंदतो. मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक अधिभार मंडळात जमा होतो. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजावेतन यांची सोय होते. अशा रीतीने शंभर मालकांचा एक पक्ष तयार झाला आणि संघटनेला बोलण्यासाठी समोर कोणीतरी मिळाले. तेच पोते शेतात भरून गाडीवर चढविणारी पाठ मात्र या कायद्याबाहेर राहिली.

ऊसतोडणीचा अनुभव हेच सांगतो. मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याने ऊस तोडणारे जोडपे कायद्याच्या भाषेत कोणाचे कामगार आहे, याचे सरळ उत्तर मिळत नाही. तरीही साखर संघ हा एक पक्ष समोर असल्यामुळे संप आणि करार शक्य झाले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती अशाच वाटाघाटीतून. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून निधी घेण्याचे तत्त्वही मान्य झाले. कल्याणाचे महामंडळ आणि वाटाघाटीचे मंडळ या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. पण शेतमालाच्या वाटेवर जेथे माल एकवटतो तेथे अधिभार बसविता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्रातील शेतकरी स्वतःच अडचणीत आहे, अल्पभूधारक आहे, त्याच्यावर कारखानदाराच्या जबाबदाऱ्या कशा लादाव्यात? २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी २६ लाख शेतकरी आणि १ कोटी ३५ लाख शेतमजूर होते. अनेक कुटुंबांत एकच माणूस वर्षातील काही महिने शेतकरी आणि काही महिने मजूर असतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच कारखान्याचा कायदा बांधावर जसाच्या तसा नेणे हा उपाय नव्हे. परंतु शेतकऱ्याची अडचण हे मजुराला हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. माथाडी कायद्याने दाखविलेला मार्ग असा की, जबाबदारी एकेका मालकावर न टाकता ती माल जेथे गोळा होतो तेथे बसवावी. दुधाच्या बाबतीत ते ठिकाण संकलन केंद्र वा कात्रजसारख्या गावातील प्रक्रिया-प्रकल्प असेल, भाजीपाल्याच्या बाबतीत बाजार समिती, उसाच्या बाबतीत कारखाना. लिटरमागे, क्विंटलमागे, टनामागे घेतलेला अल्प अधिभार अखेर शहरातील ग्राहकाच्या किमतीत जाईल. आणि ते न्याय्यही आहे, कारण त्या श्रमाचा लाभ तोच घेतो. अधिभार शेतकऱ्याच्याच दरातून कापला जाणार नाही याची हमी मात्र कायद्यातच असावी लागेल, अन्यथा मजूर आणि शेतकरी यांच्यात नवे वैर निर्माण होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘गोतावळा’ ही यंत्रयुगाच्या आघाताची कादंबरी आहे तशीच ती नोटीस न देता झालेल्या छाटणीची कादंबरी आहे. या वाचनाने तिचे वाङ्मयीन मोल उणावत नाही. उलट नारबाचे दुःख कोणत्या सामाजिक रचनेतून येते ते दिसू लागते. दुसरी, शेतमजुराला किमान वेतन व संघटनस्वातंत्र्य दीर्घकाळ कागदावर उपलब्ध आहे. उणीव आहे ती हजेरीची आणि समोरच्या पक्षाची. नव्या संहितांनी शेतीचे नाव वगळले नाही, तरी त्यांची मोजमापे कारखान्याचीच राहिली. तिसरी, ही उणीव भरून काढणारा नमुना महाराष्ट्राने १९६९ मध्येच घडविला आहे. तो शेतमालाच्या वाटेने मागे, बाजारापासून बांधापर्यंत, नेण्याचे काम राहिले आहे.

नाते आणि हक्क यांत विरोध असतोच असे नाही. हजेरीपत्रकावर नाव आले म्हणून गड्याची गाई-बैलांवरची माया आटत नाही. मात्र नाव कोठेच नसले, तर माया असूनही गड्याला बैलामागोमाग मळ्याबाहेर जावे लागते, हे ‘गोतावळा’ने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.